रीफ टँकमध्ये क्लॅम सोडायचाय? सांगली-मिरज-साताऱ्याकडून नेहमी येणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागला माझ्या घरी बरीच वर्षं रीफ टँक, म्हणजे समुद्री मासे आणि कोरल (प्रवाळ) ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. आपल्या भागात खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणारे आता बऱ्यापैकी झालेत, आणि क्लॅमचा फोटो टाकला की दुसऱ्या दिवशी पाच-सात जण तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. घाई असेल तर निदान मासे, श्रिम्प आणि कोरलवाले प्रश्न तरी वाचा, कारण माझ्या बघण्यात जितके क्लॅम गेले त्यातले निम्म्याहून जास्त पाण्यामुळं नाही तर शेजाऱ्यांमुळं गेले.

क्लॅम म्हणजे आपल्या तिसऱ्याच ना? बाजारातनं जिवंत आणून सोडल्या तर?

नका सोडू. तिसऱ्या, मुळे, कालवं ही क्लॅमची भाऊबंदच आहेत हे खरं, पण तिसरी खाडीच्या वाळूत स्वतःला गाडून घेते आणि दिवसभर पाणी गाळून त्यातलं बारीक शेवाळ, प्लँक्टन खाऊन जगते. आपल्या टँकचं पाणी आपणच स्किमर (फेसातनं घाण काढणारं यंत्र) लावून स्वच्छ केलेलं असतं, त्यात तिच्या पोटाला काहीच नसतं, मग ती वाळूत आत जाते, उपाशी राहते आणि कधी मेली ते वरनं कळतसुद्धा नाही. पाच-सहा तिसऱ्या वाळूत सडल्या की अमोनिया वर येतो आणि पहिला फटका माशांना बसतो. कृष्णेच्या पात्रातले शिंपले तर विषयच नाही, ते गोड्या पाण्यातले, खाऱ्यात तगत नाहीत.

रीफवाले क्लॅम म्हणतात तेव्हा तो ट्रायडॅक्ना असतो, म्हणजे जायंट क्लॅमच्या घराण्यातला. शिंपल्याच्या दोन झाकणांमधनं जो रंगीत मांसल पडदा बाहेर पसरतो त्याला मँटल म्हणतात, आणि त्या मँटलमधल्या बारीक नळ्यांमध्ये झूझँथेली नावाचं शेवाळ राहतं. ते उजेडावर साखर तयार करतं आणि क्लॅमला देतं, म्हणजे ह्याची शेती ह्याच्या अंगातच आहे. म्हणून तो स्वच्छ पाण्यात जगतो आणि म्हणूनच त्याला लाइट लई लागते.

हे घरात ठेवणं कायद्यात बसतं का?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात, विचारायला पाहिजे पहिला. २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये जे शिंपले-शंख घातले गेले त्यात ट्रायडॅक्ना मॅक्सिमा, ट्रायडॅक्ना स्क्वॅमोसा आणि हिप्पोपस हिप्पोपस ही तीन नावं आहेत. मॅक्सिमा आणि स्क्वॅमोसा आपल्या लक्षद्वीप, अंदमानच्या रीफवर राहतात, तिथनं कुणी काढून आणलेला क्लॅम घेणं हा सरळ गुन्हा आहे, मग दुकानदार कितीही म्हणू दे की सगळेच ठेवतात. अंदमानच्या ट्रिपवरनं रिकामा शिंपलासुद्धा पिशवीत घालून आणू नका.

दुसरी गोष्ट, जायंट क्लॅमच्या सगळ्याच जाती साइटीज (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) ह्या कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत, त्यामुळं परदेशातनं आलेल्या क्लॅमला परवान्याचे कागद असतात. आणि २०२२ ची कायद्यातली दुरुस्ती आल्यापासून साइटीजच्या यादीतला जिवंत प्राणी घरी ठेवायचा तर त्याची नोंदणी करावी लागते, ती केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरनं होते. म्हणून पक्कं बिल मागा, आयातीच्या कागदांची कॉपी मागा, जो देत नाही त्याच्याकडनं घेऊ नका, आणि शंका असेल तर पैसे देण्याआधी वनविभागाच्या ऑफिसात जाऊन विचारून या, ते सांगतात. मी स्वतः मॅक्सिमा आणि स्क्वॅमोसाच्या नादाला लागतच नाही, निळा मॅक्सिमा कितीही देखणा असला तरी.

मग कुठला घ्यायचा?

पहिला क्लॅम असेल तर डेरासा, शेतीतला, कागदांसकट. (डेरासा, आणि खाली येणारे क्रोशिया, गिगास, ह्या ट्रायडॅक्नाच्याच जाती.) पॅसिफिकमधल्या पलाऊ बेटांवर १९७० च्या दशकापासून क्लॅमची हॅचरी चालते, म्हणजे समुद्रातनं न उचलता टाक्यांमध्ये पिल्लं वाढवतात, आणि असा वाढवलेला डेरासा सगळ्यात काटक. लाइट थोडी कमी असली तरी निभावतो, वाळूवर बसतो आणि पटापट वाढतो. अडचण एकच, तो अर्धा मीटरच्या वर जाऊ शकतो. माझा आणला तेव्हा तळहातापेक्षा लहान होता, तीन वर्षांत त्यानं वीत ओलांडली.

क्रोशिया सगळ्यात लहान, फार तर १५ सेंटिमीटर, रंग बघितले तर डोळे हटत नाहीत, पण त्याला लाइट भरपूर लागते आणि निसर्गात तो दगडात भोक पाडून आत बसणारा आहे, त्यामुळं बसायला दगडच द्यायचा. गिगास तर मीटरभराचा आणि दोनशे किलोच्या वरचा होतो, त्याला घरच्या टँकमध्ये आणणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे.

टँक किती मोठा आणि किती जुना पाहिजे?

४ फूट बाय दीड फूट बाय दीड फूट, म्हणजे अडीचशे लिटरच्या आसपास असेल तर एक डेरासा दोन-तीन वर्षं आरामात राहतो. जुना किती, तर निदान सहा महिने, वर्ष झालं असेल तर अजून बरं. महिना कॅलेंडरवर मोजू नका, टँकची वागणूक बघा. तुमच्या टेस्ट किटवर सलग दोन-तीन महिने अल्कलिनिटी (पाण्याची पीएच सावरून धरायची ताकद) जागेवर राहते का, कोरल वाढतंय का, तपकिरी-लाल शेवाळाच्या लाटा येऊन गेल्या का, हे सगळं होऊन गेलं असेल तर तयार आहे असं समजा.

माझ्याकडं अमुक अमुक मासे आहेत, क्लॅमला त्रास देतील का?

मुख्य प्रश्न हाच. क्लॅमला पळता येत नाही, झाकण मिटणं एवढंच त्याच्या हातात असतं. मँटलच्या कडेनं त्याला शेकड्यानं बारीक डोळे असतात, सावली पडली की तो मिटतो. मासा दिवसातनं चाळीस वेळा येऊन टोच मारत असेल तर तो चाळीस वेळा मिटणार, तेवढा वेळ लाइट बंद, शेती बंद, आणि जखम दिसत नसली तरी महिनाभरात तो खंगतो. म्हणून "मासा फक्त टोचतो, खात नाही" ह्या बोलण्याला काही अर्थ नाही.

एंजल मासे टाळा. मोठे, म्हणजे एम्परर वगैरे, तर नकोच, पण लहान एंजलसुद्धा, कोरल ब्यूटी, फ्लेम एंजल, हे बेभरवशाचे. माझा पहिला क्लॅम असाच गेला. कोरल ब्यूटी दोन वर्षं माझ्याकडं गुण्यागोविंदानं राहत होता, एका कोरलला कधी तोंड लावलं नाही, दुकानात विचारलं तर म्हणाले, काही करत नाही, बिनधास्त सोडा. तिसऱ्या दिवसापासनं त्यानं मँटलची कड उपटायला सुरुवात केली, मला वाटलं क्लॅम नवीन जागेला बुजतोय, म्हणून मी आठवडाभर नुसता बघत बसलो. तो आठवडा मी घालवायला नको होता. मासा पकडायला सगळे दगड काढावे लागले, आणि तोवर क्लॅम वाचायच्या पलीकडं गेला होता. अजून त्याचं वाईट वाटतं.

बटरफ्लाय तसेच, कॉपरबँड लोक ऐप्टेशिया (टँकमध्ये तणासारखा पसरणारा, डंख मारणारा छोटा जीव) खायला आणतात पण क्लॅमवर त्याचा डोळा असतो. पफर, ट्रिगर आणि मोठे रॅस ह्यांचं खाणंच कवचातलं, त्यांच्याबरोबर क्लॅम ठेवायचा विचारसुद्धा करू नका. टँग आणि फॉक्सफेस बहुतेक वेळा चालतात, उपाशी ठेवले तर मात्र मँटलवरचं शेवाळ चरल्यासारखं करतात, म्हणून नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा रोज लावायचा. लॉनमोवर ब्लेनीचंही तसंच, टँकमधलं शेवाळ संपलं की इकडंतिकडं तोंड घालतो. क्रोमिस, कार्डिनल, फायरफिश, गोबी, मँडरिन ह्यांचा काही त्रास नाही.

क्लाउन मासा चालतो, पण त्याला राहायला ॲनिमोन (डंख मारणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) नसेल तर तो कधीकधी क्लॅमलाच घर समजून मँटलमध्ये लोळायला लागतो. फोटो झकास येतो, क्लॅमचे हाल होतात. लहान क्लॅम असेल तर वरनं आठवडाभर जाळीची टोपली पालथी घालून ठेवा, क्लाउनची सवय मोडते.

आणि एक मासा मी मुद्दाम ठेवतो, सिक्सलाइन रॅस. पिरॅमिडेला नावाच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गोगलगायी असतात, त्या रात्री क्लॅमच्या कडेला चिकटून सोंड आत घालून रस शोषतात, त्या हा खातो. थोडा भांडकुदळ आहे, नवीन माशांना त्रास देतो, म्हणून सगळ्यात शेवटी सोडायचा.

श्रिम्प, हर्मिट खेकडे, गोगलगायी?

क्लीनर श्रिम्प साधारण चालतो, भूक लागली की मात्र मँटलवर चढून चिमटे काढतो, त्याला आधी खायला द्या. हर्मिट मोठे नकोत, टर्बो गोगलगायी रांगता रांगता लहान क्लॅम पालथा करतात, म्हणून तो दगडाच्या खोबणीत नीट टेकवलेला असावा. लाइव्ह रॉकमधनं (समुद्रातल्या जीवजंतूंसकट आणलेल्या दगडांमधनं) आलेले केसाळ खेकडे आणि मँटिस श्रिम्प रात्री टॉर्च लावून शोधा आणि काढाच. रात्री टकटक आवाज येत असेल तर मँटिस असू शकतो.

ब्रिसल वर्म बघून लोक घाबरतात आणि फोन करतात की किडा क्लॅम खातोय. बहुतेक वेळा क्लॅम आधीच मरायला टेकलेला असतो आणि ते सफाईला आलेले असतात, तेव्हा किडे मारत बसण्यापेक्षा क्लॅमला मुळात काय झालंय ते शोधा.

शेजारी कुठलं कोरल नको?

गॅलॅक्सिया आणि हॅमर-फ्रॉगस्पॉन घराण्यातली कोरल रात्री लांब डंख मारणारे धागे सोडतात, त्यांच्यापासनं निदान वीतभर लांब, गॅलॅक्सिया असेल तर अजून लांब. ॲनिमोनचं सगळ्यात अवघड, तो आज इथं तर उद्या तिथं, आणि चालत चालत क्लॅमवर जाऊन बसला तर क्लॅमला हलता येत नाही. माझ्या टँकमध्ये म्हणून ॲनिमोन नाही, दोन्हीतलं एक निवडा असं मी सगळ्यांना सांगतो. ऐप्टेशिया क्लॅमच्या बुडाला उगवला असेल तर क्लॅम सोडायच्या आधीच बंदोबस्त करा. लेदरसारखी सॉफ्ट कोरल पाण्यात रसायनं सोडतात, टँकमध्ये ती बरीच असतील तर ॲक्टिव्हेटेड कार्बन चालू ठेवा आणि महिन्याला बदला.

लाइट किती?

नुसत्या वॉटवर जाऊ नका, पार म्हणजे वनस्पतीच्या कामाचा उजेड किती ते बघा. डेरासाला बसल्या जागी २०० च्या आसपास पार मिळाला तरी तो खूश असतो, क्रोशियाला ३०० च्या पुढं द्या. पार मीटर महाग आहे, चार जणांनी मिळून घ्या किंवा ओळखीत कुणाकडं असेल तर एक दिवस मागून आणा, सगळ्या टँकचा नकाशा एकदा काढून ठेवला की पुरतो.

नवीन क्लॅम पहिल्याच दिवशी लाइटच्या खाली वर ठेवू नका. तो आठवडाभर अंधाऱ्या पिशवीत, डब्यात, दुकानातल्या मंद उजेडात राहून आलेला असतो, एकदम प्रखर लाइट मिळाली तर शेवाळ जळतं आणि मँटल पांढरं पडतं. आधी तळाला, मग दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वर. तुमचा एलईडी टक्क्यांवर कमी-जास्त होत असेल तर क्लॅम न हलवता लाइटच वाढवत न्या, ते जास्त सोपं.

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं ४० डिग्री, तेव्हा काय?

पाणी २५ ते २७ मध्ये पाहिजे. ३० च्या वर दोन-चार दिवस गेलं की झूझँथेली बाहेर पडायला लागतं, क्लॅम फिका पडतो, आणि गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी विरघळतो. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असतो हा आपला फायदा, कोकणातल्या माणसाला हे जमणार नाही, पण सम्पवर (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीवर) आणि टँकवर कॉम्प्युटरचे दोन-तीन छोटे फॅन लावले तर बाष्पीभवनानं पाणी दोन-तीन डिग्री खाली येतं. मात्र मग पाणी झपाट्यानं आटतं, मीठ मागं राहतं आणि सॅलिनिटी चढते, म्हणून रोज आटलेलं पाणी आरओच्या गोड्या पाण्यानं भरायचं, खाऱ्यानं नाही. फ्लोट व्हॉल्व किंवा ऑटो टॉप-ऑफ लावला तर सकाळी ऑफिसला जाताना डोक्याला ताप राहत नाही. वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीला टँक असेल तर फॅननं भागणार नाही, चिलरचे पैसे बाजूला काढा आणि मगच क्लॅम घ्या.

पाणी कसं पाहिजे? आणि कॅल्शियमसाठी खायचा चुना चालतो का?

सॅलिनिटी १.०२५ ते १.०२६, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, अल्कलिनिटी ८ ते ११ डीकेएच, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम. क्लॅम शिंपला बनवतो म्हणजे कॅल्शियम आणि अल्कलिनिटी खातो, मोठा होत जाईल तसं जास्त खातो, त्यामुळं दर आठवड्याला टेस्ट. नायट्रेट शून्य करायच्या मागं लागू नका, अंगातल्या शेवाळाला नायट्रोजन लागतो, २ ते १० पीपीएम असलेलं चांगलं. ह्याच कारणानं मासे असलेल्या टँकमध्ये क्लॅम नुसत्या कोरलच्या टँकपेक्षा छान वाढतो, माशांचा अमोनिया तो वापरतो.

खारं पाणी बनवायला बोअरचं पाणी घेऊ नका, आपल्याकडं ते जड असतं. घरच्या आरओमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, म्हणून प्यायला चांगलं पण टँकला नाही. आरओच्या पुढं डीआय रेझिन (उरलेले क्षार काढणारा फिल्टर) लावून टीडीएस शून्य आणा. रत्नागिरीहून कॅनमध्ये समुद्राचं पाणी भरून आणणारे आहेत, आंबा घाट चढून तेवढं वजन आणायचं आणि बंदराजवळचं डिझेलही बरोबर आणायचं, त्यापेक्षा पाकिटातलं रीफ सॉल्ट बरं.

चुन्याचा विचार बरोबर आहे, कारण काल्कवासर म्हणतात ते कॅल्शियम हायड्रॉक्साइडच, म्हणजे चुनाच. पण पानटपरीवरची चुन्याची डबी नको, त्यात दुसरं काय मिसळलंय ते आपल्याला माहीत नसतं. शुद्ध पावडर घ्या, आणि वरची निवळी थेंबाथेंबानं रात्री सोडा, एकदम ओतली तर पीएच उडतो आणि सकाळी टँकमध्ये काही जिवंत दिसणार नाही.

खायला काय घालायचं?

लाइट आणि मासे दोन्ही असतील तर वेगळं फार काही नाही. अगदी लहान, दोन-तीन सेंटिमीटरचा असेल तर फायटोप्लँक्टन आठवड्यातनं दोनदा द्या, पण तेवढा लहान घेऊच नका, ७ ते १० सेंटिमीटरचा घ्या. पिपेटनं मँटलवर खाणं फवारत बसू नका, तो नुसता मिटतो.

विकत घेताना काय बघू?

वरनं हात फिरवा. सावली पडली आणि झटक्यात मिटला तर तो सावध आहे. मँटल शिंपल्याच्या कडेबाहेर पसरलेलं पाहिजे, मधलं पाणी ओढायचं तोंड चिरेसारखं दिसलं पाहिजे, वासलेलं नाही. शिंपल्याच्या वरच्या कडेला पांढरी नवी पट्टी असेल तर तो वाढतोय. मग दुकानदाराला उचलून खालनं दाखवायला सांगा, बुडाला बिजागरीजवळ भोक असतं, त्यातनं पाय आणि बिससचे (दगडाला चिकटायचे) धागे बाहेर येतात, ते ओढून फाटलेले असतील तर घेऊ नका. फाटलेल्या पायाचा क्लॅम घरी आणून चार दिवसांत जातो, असे दोन बघितलेत.

मुंबईहून मागवत असाल तर महालक्ष्मी एक्सप्रेसनं येणारं कुणीतरी ओळखीचं बघा, रात्री बसलं की सकाळी सांगलीत, थर्मोकोलच्या डब्यात ऑक्सिजन भरलेली पिशवी छान टिकते. दुपारच्या गाडीनं मे महिन्यात मागवू नका. आल्यावर पिशवी तरंगवून तापमान सारखं करा, मग बारीक नळीनं थेंब थेंब टँकचं पाणी तासभर. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. जुन्या टूथब्रशनं शिंपला बाहेरनं घासा, बिजागरीजवळ जास्त, पिरॅमिडेलाची पिल्लं आणि त्यांची चिकट अंडी तिथंच असतात. वेगळा टँक असेल तर महिनाभर तिथं ठेवा, चांगल्या लाइटखाली.

बसवायचा कुठं, आणि चिकटला तर हलवायचा कसा?

डेरासा वाळूवर, पण वाळूखाली चपट्या दगडाचा तुकडा ठेवा, म्हणजे पायाला धरायला काहीतरी मिळतं आणि पुढं हलवायचा झाला तर दगडासकट हलतो. क्रोशिया दगडाच्या खोबणीत. वेवमेकरचा (पाणी हलवणाऱ्या पंपाचा) झोत सरळ अंगावर नको, मँटल हलकं हललं पाहिजे, दुमडायला नको. पहिले काही दिवस तो स्वतःच उड्या मारून जागा बदलतो, बदलू द्या, दोन-तीनदा परत तिथंच पडत असेल तर त्याला तुमची जागा आवडलेली नाही.

चिकटलेला क्लॅम कधीही उपटू नका. नवं ब्लेड घेऊन धागे दगडाला लागून कापा, पायाला लागू देऊ नका. पाण्याबाहेर काढलाच तर परत सोडताना पाण्याखाली थोडा तिरका धरून आतली हवा बुडबुड्यांनी जाऊ द्या.

लाइट गेली तर?

उजेड दोन-तीन दिवस नसला तरी क्लॅम मरत नाही, पाणी हललं नाही तर आधी मासे जातात आणि मग सगळंच. म्हणून इन्व्हर्टरवर फॅन आणि ट्यूबच्या आधी वेवमेकर जोडा, डीसी वेवमेकर १०-२० वॉटच खातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आमच्या गल्लीत पाणी आलं नाही पण लाइट मात्र दिवसचे दिवस नव्हती. पेन्सिल सेलवर चालणारे दोन एअर पंप होते, शेजारच्या काकूंनी त्यांच्या घरातले सगळे सेल काढून दिले, त्याच्यावर टँक जगला. तेव्हापासनं जून लागायच्या आत दोन डझन सेल आणून ठेवतो.

क्लॅम तोंड वासून बसलाय / मँटल आकसलंय / रंग उडालाय, काय करू?

वासलेलं म्हणजे ताण. पहिल्यांदा तापमान, सॅलिनिटी, अल्कलिनिटी मोजा, मग रात्री अकरानंतर लाल टॉर्चनं कडा आणि बूड बघा, गोगलगाय सापडली तर चिमट्यानं काढा आणि आठवडाभर रोज रात्री परत बघा. दिवसा लांबनं अर्धा तास नुसतं बसून माशांवर लक्ष ठेवा. तुम्ही काचेजवळ असलात की मासा सभ्य वागतो, म्हणून मोबाइल स्टँडवर लावून शूट करा आणि खोलीतनं बाहेर जा. मला हे तेव्हा सुचलं असतं तर पहिला क्लॅम वाचला असता.

रंग फिका पडला असेल तर उष्णता किंवा लाइटमधला एकदम झालेला बदल. मँटल चिमटीत धरून ओढल्यासारखं मधेच आत गेलं असेल, आणि मासे-गोगलगाय काही नसेल, तर पिंच्ड मँटल असू शकतं. त्याला आरओच्या गोड्या पाण्यात, तापमान आणि पीएच टँकशी जुळवून, साधारण अर्धा तास बुडवून ठेवतात. अवघड वाटतं, पण त्यानं वाचलेले क्लॅम आहेत. आधी ह्यातलं जमणारं कुणीतरी बरोबर घ्या.

माशांना इच (अंगावर पांढरे ठिपके येणारा रोग) झाला म्हणून टँकमध्ये तांब्याचं औषध टाकू नका. तांबं क्लॅम, श्रिम्प, कोरल सगळ्यांना मारतं आणि दगडात मुरून बसतं. मासे काढून वेगळ्या टाकीत उपचार करायचे.

सकाळी पाणी दुधासारखं झालं आणि क्लॅम धूर सोडल्यासारखा फुरफुर करतोय!

घाबरू नका, तो प्रजननाला आलाय. एकाच क्लॅममध्ये नर-मादी दोन्ही असतात, आधी शुक्राणू सोडतो आणि नंतर अंडी. स्किमर जोरात चालू, नवीन कार्बन, एअर पंप, आणि चौथा हिस्सा पाणी बदला, कारण एवढं सगळं कुजलं तर ऑक्सिजन संपतो. तयार केलेलं खारं पाणी एक कॅन नेहमी भरून ठेवलेलं असेल तर ह्या वेळी उपयोगाला येतं.

डेरासा टँकला मोठा झाला तर?

ज्याचा सहा फुटी टँक आहे अशा माणसाला आत्तापासनं विचारून ठेवा, आणि देताना बिल, आयातीचे कागद, नोंदणी सगळं बरोबर द्या. तो बदलही पोर्टलवर कळवावा लागतो. समुद्रात नेऊन सोडायचा नाही, रत्नागिरीलाही नाही आणि गोव्यालाही नाही, तो तिथला नाही आणि त्याच्याबरोबर आपल्या टँकमधले रोग समुद्रात जातील. माझा पुढच्या उन्हाळ्याआधी मिरजेच्या एका मित्राकडं जाणार आहे, त्याचा टँक भरून चार महिने झालेत, म्हणून अजून थांबलोय.